निर्गम ६: मोशेचं तेच वाक्य दोनदा का?

आडवाटेची: बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अडकलेय. १२व्या वचनात मोशे कुरकुरतो, मला धड बोलता येत नाही, फारो माझं काय ऐकणार? मग मध्येच रऊबेन, शिमोन, लेवी यांची वंशावळ. आणि ३०व्या वचनात तेच रडगाणं पुन्हा! नकलून घेणाऱ्याची डुलकी, की जुन्या ज्यू भाष्यकारांनी काही म्हटलंय?

पोथीवाला: डुलकी नाही. फ्रान्समधल्या त्र्वा गावचा ज्यू भाष्यकार राशी (१०४०–११०५) म्हणतो, ही वरचीच उक्ती. मध्ये विषय तुटला म्हणून पुन्हा आली, जसं एखादा म्हणतो 'चला, पहिल्या मुद्द्याकडे वळू'. आपलं 'हां, तर मी काय सांगत होतो' तेच. योसेफाचंही तसंच: उत्पत्ति ३७ च्या शेवटी तो मिसरात विकला जातो, ३८ मध्ये यहूदाची गोष्ट घुसते, ३९:१ ला योसेफ पुन्हा मिसरात.

जुनाट चष्मा: मला त्याहून निर्गम १५:६ आवडतं. 'तुझा उजवा हात, हे परमेश्वरा' दोनदा. राशी आधी मिद्राश, म्हणजे जुन्या ज्यू धर्मगुरूंनी लावलेला अर्थ, देतो: इस्राएल देवाच्या मनासारखं वागलं की डावा हातही उजवा होतो, म्हणून दोन उजवे! मग साधा अर्थ सांगताना स्तोत्र ९२ मधलं 'पाहा तुझे शत्रू, पाहा तुझे शत्रू' पुढे करतो (हिब्रूत वचन १०, मराठीत ९, शोधताना घोळ होतो). त्याचा नातू रश्बाम मिद्राशच्या वाटेला जातच नाही. तो म्हणतो, पहिला अर्धा भाग फक्त कुणाविषयी बोलतोय ते सांगतो, वाक्य पुरं करत नाही. दुसरा तेच शब्द उचलून पुरं करतो. नातू आजोबांशी वादही घालायचा, उत्पत्ति ३७:२ वर त्यानंच लिहिलंय. पण इथे अर्धं श्रेय आजोबांचंच, असं माझं मत.

म्हणजे 'तुझा उजवा हात बलशाली आहे' असं भाषांतर केलं की ते अधुरेपण गेलं. त्या 'आहे'नं वाक्य तिथेच मिटतं.

आडवाटेची: माझ्या प्रतीत तो 'आहे' आहे! पेन्सिलनं कंस केला.

जुनाट चष्मा: आता स्तोत्र ९३:३ बघा, रश्बाम तेही देतो. शब्दाखाली अर्थ दिलेली हिब्रू प्रत घ्या.

आडवाटेची: बघितलं. पहिल्यांदा नुसतं 'नद्यांनी उंचावला, हे परमेश्वरा'. काय उंचावला, पत्ता नाही. 'आवाज' येतो तो दुसऱ्या फेरीत.