आईच्या पुडीतल्या गोळ्या नक्की कसल्या?

कृष्णाकाठ: आईला (वय ६४) गेल्या आठवड्यात ताप-कणकण होती म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेली, वीस वर्षं त्यांच्याकडेच जातोय, माणूस खरंच चांगला, रात्रीबेरात्री घरी आलेत. एक इंजेक्शन दिलं आणि कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या, चिठ्ठी नाही. दोन दिवसात आई टुणटुणीत, पण शुगर एरवी १५०-१६० असते ती थेट २९०. गोळ्यांमुळे असेल का? विचारतो म्हटलं तर आई म्हणते त्यांच्या हाताला गुण आहे, तू मध्ये पडू नकोस.

जीपी_ताई: मी स्वतः प्रॅक्टिस करते. इन्फेक्शननेही शुगर वाढते, त्यामुळे इथून खात्रीने सांगता येणार नाही, पण एवढी उडी आणि लगेच तरतरी म्हणजे स्टेरॉइडची शंका येतेच. ताप उतरतो, भूक लागते, पेशंट खूश. अँटिबायोटिकचंही तेच, व्हायरल तापाला उपयोग नाही हे आम्हाला सगळ्यांना माहितीये, तरी अझिथ्रोमायसिन दिली जाते कारण तीन दिवस वाट बघा म्हटलं की पेशंट दुसऱ्या दिवशी समोरच्या दवाखान्यात, आणि जिचा रोज बुडतोय ती बाई सुई द्याच म्हणते. सुरुवातीला मीही दिल्यात, आज वाईट वाटतं. आता पॅरासिटामॉल देते आणि सांगते चौथ्या दिवशी ताप असला तर या, परत फी घेणार नाही. त्याने बरेच जण थांबतात. आणि हो, दम्याला किंवा सांधेदुखीला कुणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

मेडिकलवाला: सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक, म्हणजे शेड्यूल एच१ (जास्त कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी) मधली गोळी दिली की मार्च २०१४ पासून आम्हाला पेशंट, डॉक्टर, किती दिल्या सगळं रजिस्टरला लिहावं लागतं, तीन वर्षं सांभाळायचं. पुडी घेतलेल्या माणसाच्या हातात मात्र कागदाचा चिटोराही नसतो. लोक उरलेली एक गोळी घेऊन येतात, अशीच द्या म्हणतात, नुसत्या पांढऱ्या गोळीवरून मी काय ओळखणार? नावं लिहून मागाच, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

कृष्णाकाठ: आज आईला घेऊनच गेलो, शुगरची वही पुढे ठेवली. स्टेरॉइड होती, त्यांनी स्वतःच सांगितलं. शुगरचे डॉक्टर वेगळे आहेत त्यामुळे आईने यांना डायबेटिसचं कधी सांगितलंच नव्हतं आणि यांनीही विचारलं नव्हतं. तिच्या केसपेपरवर वरतीच लाल पेनाने लिहिलं, आणि गोळ्यांची नावं मला लिहून दिली.