गॅस बंद करून पेटीत भात-डाळ शिजवता येतं का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. घरात माणसं जास्त, पाहुणेरावळे सुरूच असतात, त्यामुळे सिलेंडर बघता बघता संपतो. पातेल्याला चांगली उकळी आली की उतरवायचं, गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवायचं आणि आतल्या आत शिजू द्यायचं असं एका मैत्रिणीने सांगितलं. भाताचं पटतंय, पण तूरडाळ, छोले, राजमा हे पण होतं का? फ्रीजबरोबर आलेलं थर्माकोल पडून आहे, त्याची पेटी चालेल का? आणि सासूबाई म्हणतात कुकर असताना हा खटाटोप कशाला, त्यांना काय सांगू?

कोकणी_मावशी:
होतं गं बाई, छान होतं. माझ्या माहेरी लाकडी खोकं होतं, त्यात भाताचं तूस दाबून भरलेलं, मधे पातेल्याएवढा खळगा आणि वर तुसाचीच उशी. आई पेजेला उकळी आणून त्यात ठेवायची आणि शेतावर जायची, परत येईपर्यंत तांदूळ नुसता लोण्यासारखा झालेला असायचा आणि तळाला जरासुद्धा लागलेला नसायचा. उकडा तांदूळ असेल तर फारच सुरेख. पाणी मात्र नेहमीपेक्षा थोडं कमी घाल, कारण वाफ बाहेर जातच नाही, नाहीतर भाताचा गिचका होतो.

सह्यभटक्या:
ताई, यामागचं साधं गणित असं की उकळी आल्यानंतर आपण जी आच देत राहतो त्यातली बरीचशी नुसती वाफ होऊन आणि पातेल्याच्या कडेने हवेत निघून जाते, अन्नाला फक्त तेवढा गरमपणा टिकून हवा असतो. ८५-९० अंशालाही डाळ-तांदूळ शिजतात, वेळ जास्त लागतो इतकंच. म्हणून पातेलं जवळजवळ भरलेलं हवं (मोठं पातेलं आणि तळाशी दोन वाट्या पाणी असेल तर भराभर निवतं), झाकण घट्ट हवं, आणि मधे उघडून बघायचं नाही, एकदा उघडलं की वाफ गेलीच म्हणून समजा.

थर्माकोल चालेल पण गरम पातेलं त्याला थेट टेकवू नका, ८०-९० अंशाच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, मधे जाड टॉवेल नाहीतर जुनी चादर हवीच.

सासूबाईंचं म्हणणं रोजच्या वरणभातापुरतं बरोबर आहे. कुकरमधे तापमान १२० अंशापर्यंत जातं, वेळ कमी लागतो, तिथे पेटीने फार काही वाचणार नाही. पेटीचा खरा फायदा ज्या पदार्थाला तासन् तास मंद आच लागते तिथे आहे. खपली गव्हाची खीर करून बघा, गहू रात्री भिजवून, कांडून, चांगले पंधरा-वीस मिनिटं खळखळ उकळून पेटीत ठेवायचे, चार-पाच तासांनी दाणा फुललेला असतो, मग गॅसवर घेऊन गूळ घालायचा. गूळ, चिंच, टोमॅटो हे सगळं शिजल्यावरच, आधी घातलं तर दाणा निबर राहतो.

वैद्यांची_सून:
राजम्याबद्दल कृपा करून काळजी घ्या, हे मी कळकळीने सांगतेय. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळल्याशिवाय जात नाही, आणि कमी आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो, उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नवीन पाण्यात निदान अर्धा तास जोरात उकळा आणि मगच पेटी. मी तर राजमा कुकरलाच लावते.

दुसरं म्हणजे पेटीतून काढल्यावर अन्न हाताला चटका बसेल इतकं गरम हवं. ६० अंशाच्या खाली बराच वेळ राहिलं की जंतू वाढतात, भातात तर जास्तच. कोमट झालेलं वाटलं तर किती वेळ तसं होतं ते कळायला मार्ग नसतो, ते फेकून द्यायचं. रात्रभर ठेवून सकाळी खायचं असं अजिबात नको, विशेषतः मटण.

पुण्याचा_आजोबा:
यात नवीन काही नाही. १९१० मधे बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी इक्मिक कुकर काढला, खाली थोडा कोळसा, वर डब्यांची चळत, सगळं मोठ्या नळकांड्यात बंद. आणि आपल्या पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेचा सराई कुकर त्याच जातीचा, साधारण १०० ग्रॅम कांडी कोळशावर (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या कांड्या) डाळ, भात, भाजी एकदम. बाहेरचं भांडं ऊब धरून ठेवतं हीच त्याची करामत.

रानजाई:
खूप कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. मग तूरडाळीचं नेमकं कसं? आमच्याकडे वरण एकजीव लागतं.

सह्यभटक्या:
तासभर भिजवा, दहा मिनिटं उकळा, हळद आणि चमचाभर तेल घाला, दोन तास पेटीत. डाळ जुनी असेल तर नाही होणार एकजीव, तिला कुकरच. कुकरची पण एक युक्ती आहे, दोन शिट्ट्या कमी करायच्या, गॅस बंद करून कुकर शेगडीवरून खाली घ्यायचा आणि मग गोधडी पांघरायची, प्रेशर बराच वेळ टिकतं. मात्र प्रेशर आपोआप पूर्ण उतरेपर्यंत झाकणाला हात लावू नका.