‘पक्का’ हे इंग्रजी विशेषण : अर्थ, व्युत्पत्ती आणि स्क्रॅबलमधले गुण

प्रश्न – शिक्षिका, शहापूर (बेळगाव)

आमच्या शाळेत शनिवारी नववीच्या मुलांचे स्क्रॅबलचे, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळाचे, डाव होतात. परवा एका मुलाने पी-यू-के-के-ए अशा सोंगट्या मांडून ‘पक्का’ हा शब्द लावला. त्यातला दुसरा ‘के’ म्हणून त्याने कोरी, म्हणजे कोणत्याही अक्षराऐवजी चालणारी, सोंगटी वापरली होती. समोरच्या मुलीने लगेच हरकत घेतली, की हा शब्द आम्ही घरी मराठीत बोलतो आणि शेजारचे कन्नडमध्ये बोलतात, तर तो इंग्रजी कसा होईल? इंग्रजी कोशात तो विशेषण म्हणून सापडल्यावर ती हरकत मिटली, परंतु गुण १५ द्यायचे की १०, यावर दोन तट पडले. मुलांना नुसता निकाल न देता त्यामागची कारणे सांगावीत, अशी माझी इच्छा आहे. हा शब्द इंग्रजीत कसा गेला, तेथे त्याचा अर्थ काय, स्पेलिंगमध्ये ‘यू’ का येतो आणि गुण किती धरावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त भाषाशिक्षक, खानापूर

बाई, त्या मुलीची शंका रास्त आहे आणि वर्गात तिचे कौतुक व्हायला हवे. शब्दाचे मूळ संस्कृत ‘पच्’ धातूत आहे. पच् म्हणजे शिजवणे. त्याचे धातुसाधित नेहमीच्या रीतीने ‘पक्त’ व्हायचे, पण होते ‘पक्व’, आणि एवढ्या एका धातूसाठी पाणिनीने ‘पचो वः’ असे स्वतंत्र सूत्र रचले आहे. प्राकृतात या ‘पक्व’ची ‘पक्क’ आणि ‘पिक्क’ अशी दोन रूपे झाली. ‘पिकणे’ आणि ‘पीक’ हे शब्द दुसऱ्या रूपाकडून आले, तर ‘पक्का’ पहिल्या रूपाचा वंशज आहे. म्हणूनच आपल्याकडे आंबा पिकतो, आणि रस्ता मात्र पक्का होतो.

कंपनी सरकारच्या काळातील इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानी बोलीतून उचलला. बाजारात कच्चा शेर आणि पक्का शेर अशी दोन वजने चालत, आणि पक्का म्हणजे भरीव, पुऱ्या मापाचा. भाजलेल्या विटांचे, चुन्यात बांधलेले घरही पक्केच. या व्यवहारातून ‘टिकाऊ, खरा, भरवशाचा’ हा अर्थ इंग्रजीत रुजला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो पी-यू-सी-के-ए या स्पेलिंगने नोंदलेला आहे, आणि त्याचा विरुद्धार्थी ‘कच्चा’ही तेथे आहे.

‘यू’चे कारण सोपे आहे. आपला ऱ्हस्व ‘अ’ इंग्रजी कानाला ‘कप’ या शब्दातील स्वरासारखा ऐकू आला, म्हणून ‘पंडित’ आणि ‘जंगल’ हे शब्दही इंग्रजीत ‘यू’ घालूनच लिहिले गेले. आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगा : ‘पच्’चे भावंड लॅटिनमध्येही आहे आणि इंग्रजीतील ‘कुक’ व ‘बिस्किट’ हे शब्द त्याच घराण्यातले आहेत. बिस्किट म्हणजे मुळात दोनदा भाजलेले. तेव्हा ‘पक्का’ इंग्रजीत पोहोचला त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे नातलग तेथे नांदत होते.

उत्तर – अनुवादक, टिळकवाडी

सरांनी व्युत्पत्ती सांगितलीच आहे. अर्थाबाबत एक सावधगिरी सुचवते. आजच्या ब्रिटिश इंग्रजीत हे विशेषण ‘अस्सल’ किंवा बोलीभाषेत ‘उत्तम’ एवढ्या अर्थाने येते, आणि ‘पक्का साहेब’ हा जुना प्रयोग त्यातलाच. आपण पक्का रंग, पक्की पावती, पक्का चोर असे सहज म्हणतो, परंतु ही सगळी वळणे इंग्रजी शब्दाबरोबर गेलेली नाहीत. निबंधात मुले तो मराठीच्या सवयीने वापरतील, तेव्हा तेथे लक्ष असू द्यावे.

उत्तर – स्क्रॅबल खेळाडू, निपाणी

गुण १० च. इंग्रजी संचात १०० सोंगट्या असतात आणि त्यांत ‘के’ एकच, ५ गुणांचा. त्यामुळे दुसरा ‘के’ कोऱ्या सोंगटीनेच लावावा लागतो आणि तिचा गुण शून्य. ‘पी’चे ३, ‘यू’चा १, खऱ्या ‘के’चे ५ आणि ‘ए’चा १ असा हिशेब होतो. हा खेळ रचणारे अल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून सोंगट्यांची संख्या आणि गुण ठरवले, आणि इंग्रजीत ‘के’ कमी येतो, जोडून तर फारच क्वचित.

माझ्या मते मात्र त्या मुलाने कोरी सोंगटी खर्च करायला नको होती. संचात अशा दोनच सोंगट्या असतात आणि हातातल्या साती सोंगट्या एकदम लावून मिळणाऱ्या ५० जादा गुणांसाठी त्या राखून ठेवणे हिताचे असते. हाताशी ‘सी’ असेल तर सरांनी सांगितलेले जुने स्पेलिंग लावावे. दोन्ही स्पेलिंगे खेळाच्या कोशात मान्य आहेत. त्याचे १३ गुण होतात. डावाची सुरुवातच या शब्दाने केली आणि ‘ए’ पटाच्या मधल्या चांदणीवर येईल असा शब्द आडवा मांडला, तर ‘पी’ दुप्पट अक्षरगुणांच्या घरात पडतो. त्यामुळे बेरीज १६ होते, आणि चांदणी संपूर्ण शब्द दुप्पट करत असल्याने पहिल्याच खेळीत ३२ गुण पदरात पडतात.