गिम्पची भाषा चुकून बदलली, मेनू वाचता येत नाहीत. परत कशी आणायची?

रंगपेटी (प्रश्न)

विंडोज ११ वर गिम्प २.१० (चित्रं एडिट करायचा प्रोग्राम) आहे. प्रेफरन्सेसमधल्या भाषांच्या यादीत मराठी शोधताना वेगळ्याच ओळीवर क्लिक झालं. प्रोग्राम बंद करून उघडल्यावर सगळे मेनू उजवीकडून डावीकडे आणि अरबी वळणाच्या लिपीत दिसतायत, एक अक्षरही कळत नाही. विंडोज मात्र इंग्रजीतच आहे.

अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल केलं, सेटअपच्या सुरुवातीला इंग्रजी निवडलं, तरी तीच भाषा. दोन गोष्टी हव्या आहेत. आधी हे वाचता येईल असं करायचं आहे. मग रोज मराठीत काम करून, ट्यूटोरियल बघताना तेवढं इंग्रजीत उघडता आलं तर उत्तम. ब्रश आणि बदललेले शॉर्टकट जायला नकोत.

थर_आणि_मुखवटा

पुन्हा इन्स्टॉल केल्याने काही होणार नाही, कारण भाषेची निवड प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नसतेच. ती तुमच्या युजर फोल्डरमध्ये असते आणि अनइन्स्टॉलर त्याला हात लावत नाही. सेटअपमध्ये निवडलेली भाषा फक्त सेटअपच्या खिडक्यांपुरती असते, गिम्प ती विचारात घेत नाही.

मेनू न वाचता दुरुस्त करायचा रस्ता असा. गिम्प पूर्ण बंद करा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत %ॲपडेटा% टाइप करून एंटर करा. (ही आणि पुढची नावं रोमन अक्षरांतच टाकायची, इथे फक्त उच्चार देतोय.) तिथून गिम्प, मग २.१० या फोल्डरमध्ये जा. आत गिम्पआरसी नावाची फाईल आहे, तिला एक्सटेन्शन नाही. तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि मूळ फाईल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक सेटिंग एकेका कंसात असते. ज्या कंसाची सुरुवात लँग्वेज या शब्दाने होते ती एकच ओळ, उघडणाऱ्या कंसापासून बंद होणाऱ्या कंसापर्यंत, पुसा. सेव्ह करा आणि गिम्प सुरू करा.

ती ओळ नसली की गिम्प विंडोजची भाषा घेतो, म्हणजे तुमच्याकडे इंग्रजी येईल. ब्रश आणि शॉर्टकट वेगळ्या फाईलींत असतात, त्यांना धक्का लागत नाही. पुष्कळ ठिकाणी अख्खं २.१० फोल्डर उडवायचा सल्ला देतात. त्याने भाषा परत येते हे खरं, पण ब्रश, टूलचे प्रीसेट, शॉर्टकट सगळं जातं. एका ओळीसाठी ते करू नका.

सेव्ह करताना नोटपॅड शेवटी .टीएक्सटी जोडत नाही ना, तेही बघा. जोडलं तर ती वेगळीच फाईल बनते आणि गिम्पला ती दिसणारच नाही. मग तो जुनीच फाईल वाचतो आणि भाषा बदलत नाही.

पिक्सेलमोजणी

फाईल उघडायची नसेल तर मेनूतूनही जमतं, फक्त सगळं आरशातल्यासारखं मोजायचं. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत गिम्प पूर्ण खिडकीच उलटवतो. त्यामुळे फाईल मेनू उजव्या टोकाला जातो आणि एडिट त्याच्या डावीकडे, म्हणजे उजवीकडून दुसरा. तो उघडा. २.१० मध्ये खालून पाचवी ओळ प्रेफरन्सेसची असते, तिच्याखाली इनपुट डिव्हाइस, कीबोर्ड शॉर्टकट, मोड्यूल आणि युनिट.

उघडलेल्या खिडकीत विभागांची यादी उजव्या बाजूला असेल. एकेक विभाग क्लिक करत जा. सगळ्यात वर लांब ड्रॉपडाउन, त्याखाली प्रिव्ह्यूचे चेकबॉक्स आणि मग शॉर्टकटची बटणं, असं पान आलं की ते इंटरफेसचं. ड्रॉपडाउनमध्ये प्रत्येक भाषा स्वतःच्याच लिपीत लिहिलेली असते आणि पुढे चौकटी कंसात तिचा रोमन संकेत असतो. त्यामुळे इंग्रजी इंग्रजीतच दिसेल आणि मराठी देवनागरीत. देवनागरीत हिंदी आणि नेपाळीही असतात, म्हणून संकेत बघून घ्या: मराठीचा एम-आर, हिंदीचा एच-आय.

खाली ओकेच्या आसपास सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर नेणारं बटणही आहे. ते दाबलं गेलं तर गिम्प आधी खात्री करून घेतो, तिथे हो म्हणू नका. ओके केल्यावर काहीच बदललेलं दिसणार नाही, कारण भाषा फक्त सुरुवातीला वाचली जाते. प्रोग्राम बंद करून उघडावा लागतो.

मॅक वापरणाऱ्यांसाठी: तिथे प्रेफरन्सेस एडिटमध्ये नसतं. ॲपलच्या चिन्हाशेजारी प्रोग्रामच्या नावाचा मेनू असतो, त्यात असतं. कमांड आणि स्वल्पविराम हा शॉर्टकट कुठल्याही भाषेत चालतो.

रंगपेटी

ओळ पुसली, इंग्रजी परत आलं. ब्रश जागेवर आहेत. पण आता ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर ड्रॉपडाउनमध्ये मराठी काय, इंग्रजीशिवाय कुठलीच भाषा दिसत नाही. आणि दोन भाषांचं कसं करायचं?

थर_आणि_मुखवटा

यादीत फक्त इंग्रजी म्हणजे त्या मशीनवर अनुवादाच्या फाईलीच नाहीत. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये कस्टमाइझ निवडलं की घटकांची यादी येते, त्यात ट्रान्सलेशन्स हा वेगळा घटक आहे. कोणीतरी त्याची टिक काढलेली असणार. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, कस्टमाइझमध्ये जाऊन टिक करा. आधी अनइन्स्टॉल करायची गरज नाही.

लिनक्सवर फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम बसवायची एक पद्धत) घेतलं असेल तर कारण वेगळं. फ्लॅटपॅक जागा वाचवायला फक्त सिस्टिमच्या भाषेचे अनुवाद उतरवतो. त्याच्या कॉन्फिगमध्ये लँग्वेजेस या नावाखाली हव्या त्या भाषांचे संकेत अर्धविरामाने जोडून द्यायचे आणि मग फ्लॅटपॅक अपडेट चालवायचं. अपडेट विसरलं तर नुसती सेटिंग बदलून काही उतरत नाही.

अक्षरजुळणी

दोन भाषांसाठी आधी कोण कोणाला डावलतं ते समजून घ्या, नाहीतर तासभर जातो. प्रेफरन्सेसमध्ये ठरावीक भाषा निवडलेली असेल तर तीच जिंकते. बाहेरून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (प्रोग्राम सुरू होताना सिस्टिमकडून वाचतो ती सेटिंग) काहीही सांगा, गिम्प ऐकत नाही. म्हणून प्रेफरन्सेसमध्ये यादीतली पहिली ओळ, सिस्टिम लँग्वेज, निवडा. मग बॅच फाईल (आज्ञा लिहिलेली छोटी फाईल, शेवटी .बॅट) बनवा: पहिल्या ओळीत सेट या आज्ञेने एल-ए-एन-जी या चार मोठ्या अक्षरांच्या व्हेरिएबलला एम-आर ही किंमत द्या, दुसऱ्या ओळीत गिम्पची एक्सई फाईल पूर्ण पाथसकट, पाथभोवती दुहेरी अवतरणचिन्हं. प्रोग्राम फाइल्स या नावातच जागा आहे, त्यामुळे अवतरणं विसरलात तर फाईल सापडतच नाही. आता बॅच फाईलने मराठी उघडेल आणि नेहमीच्या आयकॉनने विंडोजची, म्हणजे इंग्रजी.

हे व्हेरिएबल कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन पूर्ण सिस्टिमला लावू नका. गेटटेक्स्ट (मेनूंचे अनुवाद दाखवणारी व्यवस्था) वापरणारे इतर प्रोग्रामही तेच वाचतात, इंकस्केप हा रेखाचित्रांचा प्रोग्रामसुद्धा. बॅच फाईलमध्ये ते त्या खिडकीपुरतंच राहतं.

एक गिम्प चालू असताना दुसरा उघडायचा असेल तर आज्ञेच्या शेवटी उणे चिन्ह आणि छोटा एन जोडा. नाहीतर आधीच उघडलेली खिडकीच पुढे येते, तीही जुन्याच भाषेत.

लिनक्सवर टर्मिनलमधून लँग्वेज हे पूर्ण नावाचं व्हेरिएबल देऊन काम होतं. पण सिस्टिमचं लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) नुसतं सी असेल तर गेटटेक्स्ट ते व्हेरिएबल बघतच नाही आणि सगळं इंग्रजीतच राहतं. आज्ञा बरोबर असूनही काही होत नसेल तर आधी लोकेल ही आज्ञा चालवून बघा.

पिक्सेलमोजणी

मराठीत काम करणार असाल तर काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. अनुवाद न झालेले शब्द इंग्रजीतच दिसतात, तो बिघाड नाही. बाहेरून टाकलेले प्लगइन गिम्पची भाषा घेतीलच असं नाही. जीमिक या फिल्टरांच्या प्लगइनच्या सेटिंग्जमध्ये त्याची भाषा वेगळी निवडता येते.

थरांची नावं फाईलमध्ये साठवली जातात. इंग्रजीत बनवलेल्या फाईलमधला बॅकग्राउंड हा थर मराठीतही बॅकग्राउंडच राहतो, पण मराठीत नवीन फाईल केली की त्याच थराला अनुवादित नाव मिळतं. थर नावाने शोधणारी एखादी स्क्रिप्ट वापरत असाल तर ती इथे अडकते. थरांना स्वतः नावं द्या.

टेक्स्ट टूलमध्येही लँग्वेज नावाचा पर्याय आहे. त्याचा मेनूंशी संबंध नाही, लिहिलेल्या मजकुराची अक्षरं कशी जुळवायची एवढंच तो ठरवतो. मेनू इंग्रजीत ठेवूनही चित्रावर मराठी लिहिता येतं, फक्त देवनागरी फाँट आणि कीबोर्ड हवा.

रंगपेटी

बॅच फाईल चालली. दुसऱ्या मशीनवर ट्रान्सलेशन्सची टिक खरंच काढलेली होती. क्रिटामध्येही (चित्रं काढायचा दुसरा प्रोग्राम) असंच करायचं का? तिथे गिम्पआरसीसारखं काही सापडलं नाही.

अक्षरजुळणी

क्रिटात सेटिंग्ज मेनूमध्ये स्विच ॲप्लिकेशन लँग्वेज आहे. भाषा वाचता येत नसेल तर सेटिंग्ज हा शेवटून तिसरा मेनू, त्याच्यापुढे विंडो आणि हेल्प. मुख्य भाषेखाली पर्यायी भाषा जोडायचं बटण असतं. मुख्य भाषेत न सापडणारा शब्द त्या दुसऱ्या भाषेतून घेतला जातो. पूर्ण बंद करून उघडल्यावरच बदल दिसतो.

अडकलात तर क्रिटाच्या फोल्डरमध्ये शोधू नका. विंडोजवर %लोकलॲपडेटा% मध्ये थेट बाहेरच के-लँग्वेज-ओव्हरराइड्स-आरसी ही एक छोटी फाईल असते, मधल्या रेघा न घालता सलग लिहिलेली. तिच्यात भाषेशिवाय काही नसतं, म्हणून क्रिटा बंद करून ती फाईल सरळ काढून टाकली तरी चालतं.