महाएपिसोड, महायुती, महापूर : ह्यातला ‘महा’ म्हणजे नक्की किती?

पडदापंखा (धागा सुरू करणारा)

मंडळी, एक शब्द डोक्यात बसलाय आणि निघंना झालाय. काल कोल्हापुरात राजारामपुरीत मावशीकडं जेवायला होतो. मावशी मूळची शिरोळ भागातली, पुराचं पाणी बघून बघून केस पिकलेली बाई, आणि आता रोज सात ते दहा टीव्हीसमोर. तर सात वाजता बातम्यांत ‘महाचर्चा’, मधल्या जाहिरातीत ‘महासेल’, खाली पट्टीत महायुती आणि महाविकास आघाडी, महापालिकेचं काहीतरी, आणि नऊला ‘महाएपिसोड’. ताटातली भाकरी संपायच्या आत सहा वेळा ‘महा’ कानावर आदळला.

मग मी खोडी काढली. महाएपिसोडला मोबाईलवर टायमर लावला. जाहिराती वगळून, मागच्या आठवड्याचा फ्लॅशबॅक वगळून, आणि सूनबाईच्या हातातनं ताट पडतानाचा तोच शॉट तीन अँगलनं दाखवतात त्यातला एकच धरून, नवीन म्हणावा असा माल निघाला एकोणीस मिनिटांचा. साधा अर्ध्या तासाचा एपिसोड असतो त्यात पण वीसबावीस मिनिटं असतात की वो! म्हणजे इथं ‘महा’ लावल्यावर वस्तू लहान झाली.

प्रश्न सरळ आहे. मराठीत ‘महा’ कधी लावायचा, कशाला लावायचा, त्याला काही माप हाय का नाही? आणि ही साथ टीव्हीतनं राजकारणात गेली का राजकारणातनं टीव्हीत आली?

व्याकरणाची वही

मूळ शब्द ‘महत्’. समासात तो पुढच्या शब्दाचं विशेषण म्हणून आला की त्याचा ‘महा’ होतो, पाणिनीचं सूत्रच आहे त्याला. स्त्रीलिंगी ‘महती’चंही तेच, म्हणून महती युती ती महायुती, व्याकरणानं चोख आहे, राजकारणाचं मला विचारू नका. पण ‘महतांची सेवा’ असा अर्थ असेल तर ‘महत्सेवा’, तिथं ‘महासेवा’ होत नाही. आणि समास असल्यामुळं जोडून लिहायचं. ‘महा एपिसोड’ असं तोडून लिहिलेलं दिसतं ते चूक.

एपिसोड इंग्रजी म्हणून नाक मुरडू नये. संस्कृत उपसर्ग आणि परका शब्द अशी जोडी मराठीत काही आजची नाही, ‘महाखर्चिक’ आपण बिनदिक्कत म्हणतो.

आता माप. माप नाही, पण मनाई आहे. जुना एक श्लोक आहे, त्यात यादीच दिलीय की ह्या शब्दांना ‘महत्’ लावू नका : शंख, तेल, मांस, वैद्य, ज्योतिषी, ब्राह्मण, यात्रा, पथ, निद्रा. कारण लावला की अर्थ मोठा होत नाही, बिघडतो. महानिद्रा म्हणजे मरण, महायात्रा म्हणजे शेवटची यात्रा, महापथही तिकडंच जातो, महामांस म्हणजे माणसाचं मांस. उत्तरेत महाब्राह्मण म्हणजे मर्तिकाचं दान घेणारा, आणि संस्कृत नाटकांत विदूषकाला टोमणा मारायचा तर त्यालाही ‘महाब्राह्मण’ म्हणतात.

पडदापंखा

वहीकाका, हे भारी आहे! म्हणजे प्रत्येक निवडणुकीच्या आधी पुढारी यात्रा काढतात त्यांना कुणीतरी हा श्लोक फ्रेम करून द्या. २०१९ ला मुख्यमंत्र्यांची ‘महाजनादेश यात्रा’ निघालेली, तिथं नाव ठेवणाऱ्यानं हुशारी केली बघा, ‘महा’ जनादेशाला लावला, यात्रेला नाही, श्लोकातनं सुटले. पण झालं काय, ऑगस्टात आमच्याकडं आणि सांगलीला महापूर आला आणि यात्रा मध्येच थांबवायला लागली. एका ‘महा’नं दुसऱ्या ‘महा’ला अडवलं.

विदूषकाचं तर लई आवडलं. आजच्या चर्चांमध्ये जे ‘ज्येष्ठ विश्लेषक’ बसतात त्यातल्या दोघांतिघांना मी आजपासून मनातल्या मनात महाब्राह्मण म्हणणार, जात कुठलीही असो.

लाईटबिल

तुम्ही एक घोळ करताय. सगळे ‘महा’ एक नाहीत. महावितरण, महारेरा (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण), महाडीबीटी (सरकारी योजनांचे पैसे थेट खात्यात देणारं पोर्टल) ह्यातला ‘महा’ मोठा नव्हे, तो महाराष्ट्राचा तुकडा आहे. नावाचं शेपूट कापलंय एवढंच. महारेरा म्हणजे ‘थोर रेरा’ असा अर्थ लावला तर हसं होईल. तेव्हा आधी दोन ढीग करा, मग चर्चा.

पडदापंखा

बरोबर, पण गंमत अशी की राजकारण्यांना दोन्ही ढिगांचा फायदा पाहिजे. महाविकास आघाडी घ्या, २०१९ च्या नोव्हेंबरात ती होत होती तेव्हा चॅनलवाले आधी ‘महाशिवआघाडी’ म्हणत होते, मग हे नाव आलं. आता ह्यात विकास महा आहे का महाराष्ट्राचा विकास आहे? दोन्ही वाचता येतं, आणि येऊ दे हाच बेत. महायुती त्याआधीची, २०१४ लाच चारसहा पक्षांची मोट बांधली तेव्हापासून ते नाव चाललंय. नंतर आतले पक्ष बदलले, फुटले, गेलेले आले, आलेले गेले, पाटी तीच.

हे मला तरी सिरियलवाल्यांच्या ‘महासंगम’सारखं वाटतं. न बघणाऱ्यांसाठी सांगतो, एकाच चॅनलच्या दोन मालिकांचा टीआरपी एकदम पडला की दोन्हीकडची माणसं एका लग्नात नाहीतर एका देवळात आणून सोडतात, आठवडाभर सगळे एकत्र, आणि कथा मात्र कुणाचीच पुढं सरकत नाही. आणि नट बदलला की दुसऱ्या दिवशी तोच मंगळसूत्राचा सीन नव्या चेहऱ्यानं सुरू, सासू एक मिनिट पण दचकत नाही. २०२२ आणि २०२३ चे शपथविधी मी मावशीबरोबरच बघितले. ती शांतपणे वाटाणे सोलत म्हणाली, “ह्येंनी लीप घेतला वाटतं.”

(लीप म्हणजे मालिकेत ‘सात वर्षांनंतर’ अशी पाटी येते आणि सगळ्यांचे कपडे बदलतात ते. ह्या शब्दावर वेगळा धागा पाहिजे खरं तर.)

आकाशकंदील

खरी महायुती २१ डिसेंबर २०२० ला झाली. गुरू आणि शनी. आकाशात दोन ग्रह जवळ दिसले की ती युती, पण गुरू-शनीची साधारण वीस वर्षांनी एकदाच होते म्हणून तिला महायुती. आम्ही पोरांना घेऊन पन्हाळ्याच्या रोडला गेलेलो, दुर्बिणीत दोन्ही एकदम दिसत होते. तिथं शब्दाला कारण होतं.

पांढरा रस्सा

कोल्हापुरात कशाला पाहिजे वो ‘महा’? आपल्याकडं ‘लई’ हाय, ‘नाद खुळा’ हाय, ‘विषय हार्ड’ हाय, ‘जाळ अन् धूर संगटच’ हाय. आपला महाद्वार रोड सोडला तर कुठं आपण ‘महा’ लावत न्हाई. जगात भारी कोल्हापुरी, बास.

पडदापंखा

भावा, ‘जगात भारी’ ही काय मापात बसणारी गोष्ट हाय काय? आपणच फुगवण्यात एक नंबर. वसगड्याला त्या पैलवानाच्या ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेचं शूटिंग सुरू होतं तेव्हा गावात एसटीनं आणि ट्रॅक्सनं माणसं यायची वाडा बघायला, आणि आपण सगळ्या महाराष्ट्राला सांगत सुटलेलो की आता सिनेमा परत कोल्हापुरात आला.

पण तुझं निम्मं खरं आहे. इथं जे खरंच मोठं होतं त्याला ‘महा’ कुणी लावला नाही. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती इथं, स्वदेशी कॅमेरा बनवला तो इथं, खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्याखाली रोज लोक स्कूटर लावून वडापाव खातात. १९२९ ला प्रभात सुरू झाली ती पण इथंच, पुण्याला नंतर गेली. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं थेटर, आपण त्याला नुसतं ‘पॅलेस’ म्हणायचो, पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री मी पण रस्त्यावर होतो. लोक गप्प उभे होते, आणि एकजण दुसऱ्याला फोनवर एवढंच सांगत होता, “पॅलेस गेलं रे.” टीव्हीवर मात्र ज्वाळांच्या क्लिपवर संगीत लावलेलं.

एक अपवाद कुस्तीचा. दादू चौगुले ‘महान भारत केसरी’ झाले, तो किताब. पण तिथं समोरच्याची पाठ मातीला लावल्याशिवाय ‘महान’ मिळत नव्हता. प्रोमो करून नाही.

खवचट काकू

तुम्ही सगळे ‘महा’ म्हणजे स्तुतीच धरून चाललाय. घरात कान द्या जरा. महाबेरकी, महाचिकट, महालबाड, महाउपद्व्यापी. बोलीतला ‘महा’ निम्म्या वेळा शिवीच असतो. आमच्या सासूबाई एखाद्याला नुसतं “महा आहे हो तो” म्हणायच्या, पुढचा शब्द गिळायच्या, आणि सगळ्यांना कळायचं. त्यामुळं मला महायुती, महाआघाडी, महागठबंधन काहीही ऐकलं की पुढं ‘बेरकी’च ऐकू येतं. कुठल्याही पक्षाचं असो, माझा दुजाभाव नाही.

व्याकरणाची वही

काकूंनी बरी आठवण दिली. लपलेले ‘महा’ पण बघा. ‘महाग’ हा ‘महार्घ’वरून आला, महा अधिक अर्घ, म्हणजे मोठ्या मोलाचं. महागाईत ‘महा’ आहेच, प्रोमो न करता.

दुसरा ‘माहूत’. हा ‘महामात्र’वरून. महामात्र म्हणजे राज्यातला बडा अधिकारी, अशोकाच्या शिलालेखांत धर्ममहामात्र आहेत. तोच शब्द झिजत झिजत हत्तीच्या मानेवर जाऊन बसला.

पडदापंखा

मंत्र्याचा माहूत झाला म्हणजे बढतीच म्हणायची का? हत्ती निदान ऐकतो तरी.

हत्तीवरनं शिरोळकडचं नांदणी गाव आठवल्याशिवाय राहत नाही. गेल्या साली, २०२५ ला, तिथल्या जैन मठातली हत्तीण कोर्टाच्या आदेशानं गुजरातला वनतारा ह्या प्राण्यांच्या केंद्रात नेली. तिचं नाव महादेवी, पण टीव्हीनं आणि रील्सनी ‘माधुरी’ धरलं. मावशीच्या माहेरचा सगळा भाग मोर्चाला गेलेला. प्राणिमित्रांचं म्हणणं तिच्या तब्येतीचं होतं, गावाचं म्हणणं घरच्या माणसाचं होतं, त्या वादात इथं शिरत नाही. मला टोचलं ते वेगळंच. एरवी चहाच्या पेल्यालासुद्धा ‘महा’ लावणाऱ्या चॅनलांनी जिच्या नावात खरोखरचा ‘महा’ होता तिथलाच तेवढा काढला, कारण ‘माधुरी’ हेडलाईनीत गोड दिसतं.

लाईटबिल

धागा भरकटला. मूळ प्रश्न मापाचा होता. आहे का एखादा तरी ‘महा’, ज्याला माप आहे?

पडदापंखा

आहे की, घरातच आहे. महापूर. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला फूटपट्टी आहे. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. पावसाळ्यात इथं माणूस माणसाला भेटला की आधी “किती फूट?” विचारतो, तब्येत नंतर. २०१९ ला पट्टी ५५ च्या वर गेली, २०२१ ला परत तीच तऱ्हा. ४३ च्या आत असताना टीव्हीवाला ‘महापूर’ म्हणाला तर आमच्याकडं शेंबडं पोर पण हसतं, “अजून पूर न्हाई, ह्येंचा महापूर कुठनं आला?”

तरी पट्टीवर ‘इथून महापूर’ अशी रेघ काही नाही, म्हणून आज सकाळी मावशीला फोन करून विचारलं की तुमच्यात पूर कधी म्हणायचा आणि महापूर कधी. तिला प्रश्न अजिबात विचित्र वाटला नाही. म्हणाली, “म्हशी गोठ्यातनं सोडाव्या लागल्या की पूर. म्हशी माडीवर चढवाव्या लागल्या की महापूर.”

माझ्या मते आत्तापर्यंतची सगळ्यात पक्की व्याख्या हीच. वहीकाका, मान्य?

व्याकरणाची वही

मान्य. आणि योगायोग बघा, ‘म्हैस’ आली ‘महिषी’वरून, आणि ‘महिष’ शब्दाचा संस्कृतात मूळचा अर्थच मोठा, बलवान असा आहे, ‘महत्’च्याच गोतातला. महिषी म्हणजे पट्टराणीसुद्धा. म्हणजे ‘महा’ तिच्यात जन्मापासून आहे, वेगळा लावायला नको.

गंगावेसकर

आमच्या कट्ट्यावर समोर धार काढून पेला हातात देतात तेव्हा आम्ही पट्टराणीचं दूध पितो हे आज कळालं. उद्यापासून दर वाढवायला सांगू नका फक्त.

पडदापंखा

हे म्हशीचं मी लगेच मावशीला परत फोन करून सांगितलं, की मावशी, म्हैस म्हणजे मूळ शब्दातच महान, राणी.

ती म्हणाली, “तुज्या पुस्तकाला आज कळलं व्हय? ठेव आता, पारू पान्हवलीया.”