मदत हवी आहे : डोळ्यांना त्रास न होणारा मॉनिटर सुचवा (आजच ठरवायचे आहे)

शिरोरेषा | मंगळवार, रात्री ८.१०

नमस्कार. मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते आणि दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यासमोर जातात. दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपला नवीन मोठा मॉनिटर जोडला. तेव्हापासून दुपारी तीननंतर डोळे चुरचुरू लागतात, कपाळ जड होते, आणि संध्याकाळपर्यंत अक्षरावर दिसतो तो अनुस्वार आहे की पडद्यावरचा धुळीचा कण, हे बोट फिरवून पाहावे लागते. ब्राइटनेस अगदी दहावर आणून ठेवला आहे, रात्रीचा पिवळसर प्रकाशही लावून पाहिला, पण काडीचा फरक पडला नाही. तरी डोळ्यांना त्रास न होणारा मॉनिटर सुचवावा. खर्चाची मर्यादा २०,००० रुपये आहे. सवलत आज मध्यरात्री संपते, म्हणून थेट नाव सांगितल्यास उपकार होतील.

पिक्सेलपुराण | रात्री ८.२२

२७ इंची, फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल), आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारे). बाकी काही पाहू नये. देवनागरीत एका अक्षराच्या उंचीत रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार एवढा संसार मावावा लागतो, त्यामुळे इंग्रजी मजकुराला जे पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, पुरतात ते मराठीला पुरत नाहीत. मी तीन वर्षांपूर्वी फोर-के घेतला आणि त्यानंतर जुन्या पडद्याकडे पाहवतच नाही.

कोपऱ्यातला वाचक | रात्री ८.३१

शिरोरेषाताई, नाव सुचवण्याआधी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. सध्याचा मॉनिटर किती इंची आहे, त्याचे रिझोल्यूशन (आडवे-उभे पिक्सेल) किती आहे, तो कोणत्या केबलने जोडला आहे, तुम्हाला चष्मा आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचा, आणि पडदा डोळ्यांपासून किती अंतरावर व किती उंचीवर आहे? त्रासाचे कारण न कळता नवा मॉनिटर घेतलात, तर दोन महिन्यांनी हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

शिरोरेषा | रात्री ८.४०

मॉनिटर २७ इंची आहे, फुल एचडी आहे, आणि लॅपटॉपच्या एचडीएमआयलाच जोडला आहे. चष्मा आहे, पण तो मागच्याच वर्षी तपासून घेतला, त्यामुळे तो प्रश्न नाही. अंतर नेहमीचेच आहे. कृपया नाव सांगावे.

जुनाजाणता | रात्री ८.५२

आम्ही १९९०च्या दशकात पेटीएवढ्या सीआरटी (काचेच्या नळीच्या) मॉनिटरवर काम केले आहे. तेव्हा पडद्यापुढे काचेचा फिल्टर टांगायची पद्धत होती आणि साहेबाच्या मॉनिटरला फिल्टर आहे व आपल्याला नाही, यावरून कार्यालयात रुसवेफुगवे होत. खरा उपाय मात्र फिल्टर नव्हता, रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने उजळतो तो आकडा (हर्ट्झ), होता. साठ हर्ट्झवर पडदा थरथरायचा आणि ८५ वर नेला की डोकेदुखी थांबायची. त्यामुळे माझे मत असे की ताईंनी रिझोल्यूशनच्या मागे न लागता शंभर हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा.

कोपऱ्यातला वाचक | रात्री ९.०५

जुनाजाणता, सीआरटीच्या बाबतीत तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे, परंतु ते आजच्या सपाट एलसीडी पडद्यांना लागू होत नाही. सीआरटीत प्रत्येक फेरीत पडदा नव्याने उजळून पुन्हा मंद होत असे. एलसीडीचा पिक्सेल पुढचा आदेश येईपर्यंत आहे तसाच राहतो, त्यामुळे साठ हर्ट्झवरही पडदा त्या अर्थाने थरथरत नाही. थरथरू शकतो तो मागचा दिवा.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण ताईंनी ब्राइटनेस दहावर ठेवल्याचे लिहिले आहे. पडद्यामागच्या एलईडीचा उजेड कमी करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत विजेचा प्रवाहच कमी केला जातो. दुसरीत दिवा पूर्ण तेजाने लावून सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू केला जातो, आणि बंद राहण्याचा काळ जितका जास्त, तितका पडदा आपल्याला मंद भासतो. या दुसऱ्या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. ही उघडझाप डोळ्यांना जाणवत नसली तरी काही जणांचे डोके तिने दुखते. त्यातली मेख अशी की ब्राइटनेस जितका कमी करावा तितकी ती उघडझाप तीव्र होते, म्हणजे डोळ्यांना आराम मिळावा म्हणून जे करतो त्यानेच त्रास वाढू शकतो. अलीकडच्या बहुतेक मॉनिटरवर 'फ्लिकर-फ्री' असे लिहिलेले असते ते यासाठीच, पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मॉनिटरमध्ये पीडब्ल्यूएम सर्रास असे.

तपासणी सोपी आहे. खोलीतले दिवे घालवावेत, पडदा पूर्ण पांढरा करावा, ब्राइटनेस दहावर ठेवावा आणि पडद्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवावी. पेन्सिलीची सलग पुसट छाया दिसली तर ठीक. एकाऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर दिवा लुकलुकतो आहे.

सांजवारा | रात्री ९.१२

डार्क मोड लावा, सगळे प्रश्न सुटतील. जाता जाता विचारतो, माझा मुलगा सातवीत आहे आणि चष्म्याच्या दुकानदाराने त्याला निळा प्रकाश अडवणारी काच घ्यायला सांगितली आहे. ती घ्यावी का?

दृष्टिक्षेप | रात्री ९.३०

मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर देणारा) आहे, म्हणून सांजवारा यांना थोडक्यात उत्तर देतो. पडद्याच्या वापराने येणाऱ्या थकव्यासाठी त्या काचेची गरज नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी थकवा कमी होतो असे दिसून आले नाही. डार्क मोडविषयी सांगायचे तर, पार्श्वभूमी उजळ असली की बाहुली आकुंचन पावते आणि अक्षर अधिक रेखीव दिसते. काळ्यावर पांढरे अक्षर वाचताना बाहुली मोठी होते आणि ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे त्यांना अक्षरांभोवती पिसारा फुटल्यासारखा दिसतो. ज्यांना अनुस्वार शोधून पगार मिळतो त्यांनी तरी त्या वाटेला जाऊ नये.

शिरोरेषाताई, चष्मा कोणता आहे हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.

शिरोरेषा | रात्री ९.४८

पेन्सिल हलवून पाहिली. एक नाही, सात-आठ पेन्सिली दिसल्या. ब्राइटनेस शंभरवर नेल्यावर मात्र एकच पुसट छाया राहिली. थोडी भीतीच वाटली.

मघाशी एक सांगायचे राहिले. मॉनिटर नवीन म्हणजे माझ्यासाठी नवीन आहे. भाच्याच्या कार्यालयात सामान काढून टाकत होते तिथून त्याने आणून दिला, मागे २०१३ साल छापलेले आहे. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, वय सत्तेचाळीस. मॉनिटरचा स्टँड बुटका असल्यामुळे खाली शब्दकोशाचे दोन जाड खंड ठेवले आहेत.

कोपऱ्यातला वाचक | रात्री ९.५५

आता चित्र स्पष्ट होऊ लागले. एक शेवटचा प्रश्न : २०१३च्या त्या मॉनिटरच्या मागे केबलचे जे टोक लागले आहे ते कसे दिसते? निळे आणि दोन्ही बाजूंना स्क्रू असलेले आहे का?

शिरोरेषा | रात्री १०.०२

हो, निळेच आहे. लॅपटॉपकडे एचडीएमआय आहे आणि मध्ये भाच्याने दिलेला एक छोटा कन्व्हर्टर आहे. याने काही फरक पडतो का?

पिक्सेलपुराण | रात्री १०.०६

फरक पडतो का म्हणजे काय! ते व्हीजीए आहे, जुन्या पद्धतीचा अडिजिटल जोड. लॅपटॉपातले डिजिटल चित्र आधी अ‍ॅनालॉग होते, मॉनिटर त्याचे पुन्हा डिजिटल करतो, आणि या जा-ये करण्यात अक्षरांच्या कडा विरतात. शिवाय २७ इंचांवर फुल एचडी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. त्याच आकाराच्या फोर-केमध्ये १६३ असतात. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितले होते.

कोपऱ्यातला वाचक | रात्री १०.२०

पिक्सेलपुराण, तुमचा फोर-केचा आग्रह तत्त्वतः योग्य आहे, पण ताईंचा लॅपटॉप जुना असल्यास त्याचे एचडीएमआय १.४ आवृत्तीचे असेल, आणि त्यावर फोर-के ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. मग माउसचा बाण रांगत चालल्यासारखा दिसतो आणि पाने सरकवताना वेगळाच त्रास सुरू होतो. त्यापेक्षा २७ इंची, २५६० गुणिले १४४० रिझोल्यूशनचा, फ्लिकर-फ्री आयपीएस मॉनिटर घ्यावा. त्यात इंचाला १०९ पिक्सेल मिळतात, जुन्या एचडीएमआयवरही तो साठ हर्ट्झवर चालतो आणि तो सांगितलेल्या मर्यादेत बसू शकतो. चोवीस इंची फुल एचडी स्वस्त मिळेल, पण त्यात ९२ पिक्सेलच असतात, मराठी मुद्रितांसाठी मी तो घेणार नाही. स्टँडची उंची कमी-जास्त करता येते ना, हे मात्र आवर्जून पाहावे. या एका सोयीसाठी हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील.

तूर्त आजपासूनच एक करता येईल. सध्याच्या मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरवर ठेवून उजेड कमी करण्यासाठी कॉन्ट्रास्ट खाली आणावा. रंग थोडे फिके दिसतील, पण दिव्याची उघडझाप थांबेल. व्हीजीए केबल काढून टाकावी. मॉनिटरला मागे एचडीएमआय किंवा डीव्हीआयची (तोही डिजिटल जोडच) खाच असण्याची शक्यता दाट आहे.

जुनाजाणता | रात्री १०.२४

म्हणजे थरथर होतीच. शब्द वेगळे, मुद्दा माझाच.

दृष्टिक्षेप | रात्री १०.४१

थरथर असेलही, पण शब्दकोशाचे ते दोन खंड मला अधिक संशयास्पद वाटतात. ताई, प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग दूरचा, खालचा वाचनाचा, आणि मधल्या अंतरासाठी असतो तो अरुंद पट्टा. वाचनाचा भाग साधारण ४० सेंटिमीटरवर धरलेल्या पुस्तकासाठी बनवतात. मॉनिटर असतो साठ-सत्तर सेंटिमीटरवर, आणि तुम्ही तो उंच केल्यामुळे त्या पट्ट्यातून पाहण्यासाठी दिवसभर हनुवटी वर करून बसावे लागत असणार. मानेचा मागचा भाग दुखतो का? दुखत असेल, तर कपाळ जड होण्याचे एक कारण तिथेही आहे. प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांनी पडदा इतरांपेक्षा खाली ठेवावा आणि किंचित मागे कलता करावा. रोज आठ-नऊ तास काम असेल, तर पडद्याचे अंतर टेपने मोजून डॉक्टरांना सांगावे आणि तेवढ्याच अंतराचा साधा एकेरी चष्मा कामासाठी वेगळा करून घ्यावा. नवा मॉनिटर कितीही उत्तम असला तरी चुकीच्या काचेतून तो धूसरच दिसेल.

चुरचुरण्याचे कारण वेगळे असू शकते. एकटक वाचताना पापण्या मिटण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते आणि त्यात पंख्याचा झोत तोंडावर येत असेल, तर डोळे कोरडे पडणारच.

शिरोरेषा | रात्री ११.१५

मान दुखते. उशी बदलली होती त्यासाठी.

खंड काढले. निळी केबल काढली, मागे डीव्हीआय निघाले, शेजाऱ्यांकडे एचडीएमआय ते डीव्हीआय केबल होती ती लावली. अक्षरे खरोखर वेगळी दिसत आहेत, 'र्य' आणि 'ऱ्य' यांतला फरक पान मोठे न करता कळतो आहे. पंखा डाव्या बाजूला सरकवला. उद्या चष्म्यासाठी वेळ घेते. मध्यरात्रीच्या सवलतीचा नाद सोडला आहे. दुकानात जाऊन प्रत्यक्ष पाहून घेतला तर चालेल ना? तिथे काय पाहावे?

कोपऱ्यातला वाचक | रात्री ११.२८

चालेल काय, तसाच घ्यावा. दुकानातले सगळे मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर फुलांचे नाहीतर समुद्राचे चित्र दाखवत असतात आणि त्यावरून काहीही कळत नाही. तुमच्या एखाद्या मुद्रिताची पीडीएफ पेनड्राइव्हवर न्यावी, ती शंभर टक्के आकारात उघडायला सांगावी, आणि ब्राइटनेस वीसवर आणून पेन्सिल हलवून पाहावी. चष्मा नवा झाल्यावर जावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. पडदा चकचकीत नसून मॅट आहे ना, हे दिव्याकडे पाठ करून पाहावे. त्यात दिवा आरशासारखा दिसला, तर तो मॉनिटर खिडकीसमोर चालणार नाही.

पिक्सेलपुराण | रात्री ११.३५

आणि तीच पीडीएफ एकदा शेजारच्या फोर-केवरही उघडून पाहावी, एवढीच विनंती.