मांडीतली गाठ: चरबीचीच समजून थांबू का?

बार्शीकर: आईच्या (वय ५८) मांडीत मागच्या बाजूला गाठ आहे. दिवाळीत लिंबाएवढी होती, आता मोसंबीएवढी झालीय. आई म्हणते, "दुखत नाही ना, मग डॉक्टर कशाला?" शेजारच्या काकूंनी तर हळदीचा लेपही सांगितलाय.

निवांत_नाना: माझ्या पाठीवर बारा वर्षं चरबीची गाठ आहे. बोटाने दाबली की कातडीखाली सुळकन सरकते, वाढत नाही. डॉक्टर म्हणाले, राहू दे.

खांदेकरी: नानांची गाठ वेगळी, ही वेगळी. न दुखणं हा दिलासा नव्हे; माझीही दुखत नव्हती. खांद्यामागची गाठ एका सर्जनने सोनोग्राफीही न करता अर्ध्या तासात काढली आणि टाकून दिली, तपासायला पाठवलीच नाही. आठ महिन्यांत त्याच टाक्याखाली परत आली. निघाला सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींचा कॅन्सर. मग मोठं ऑपरेशन, मांडीची कातडी खांद्यावर आणि वर रेडिएशन. अजून वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही.

पाच सेंटीमीटरहून मोठी, वाढणारी, खोल स्नायूत बसलेली किंवा काढून परत आलेली असेल तर थांबायचं नाही. आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी, आणि चाकू त्यानंतरच. सुईने गाठ 'पसरते' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आणि लेप? हळद भाजीत घाला.

बार्शीकर: आत्ताच पट्टीने मोजली, सात सेंटीमीटर. मांडी ताणली की हलतच नाही.

खांदेकरी: याच आठवड्यात दाखवा. परळच्या टाटात हाडं आणि मऊ ऊतींच्या गाठींसाठी वेगळा विभाग आहे. जुने कागद सोबत न्या.